डाव्या कोपऱ्यातला बॉम्ब

१

माझ्या भाचीने बॉम्ब सोडला, म्हणून तिला घरी पाठवलं.

बॉम्ब नकली होता, पण घरी पाठवणं खरं होतं. देवगाव फाट्यावर ‘सजगनेत्र’ नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा एक्स-रे मशिनमधून जातात, तेव्हा पडद्याकडे बघत बसणारी पोरं तिथे तयार करतात. शिक्षण संपलं की एक गुप्त चाचणी होते, आणि पास झालेल्यांना केंद्र चालवणारी कंपनी विमानतळावर नोकरी देते. प्रवासी म्हणून एखादं माणूस उभं करायचं, त्याच्या बॅगेत नकली बॉम्ब ठेवायचा, आणि कोण पकडतं ते बघायचं. या वेळी आठ पोरं बसली. सात जणांनी पकडला. धम्मशीलाने बॅग पुढे जाऊ दिली.

नागसेन, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिला मोटारसायकलवर बसवून ताडकळसहून थेट बोरीला माझ्या दारात घेऊन आला. तो शाळेत मास्तर आहे. कुणी जरा मोठ्याने बोललं की आधी आपलंच चुकलं असं त्याला वाटतं.

“ताई, कंपनीची नोकरी हातात आली होती,” तो म्हणाला. “आता तिच्या नावापुढं ‘कामात दुर्लक्ष’ असा शेरा मारायलेत. एकदा मारला की कोणतीच कंपनी घेत नसती म्हणे. शुक्रवारी कंपनीचा साहेब यायलाय शिक्का मारायला. डायरेक्टर म्हणतेत, माफी लिहून द्या, पुढच्या बॅचला बसवतो.”

“कशाची माफी?”

“बॉम्ब सोडल्याची.”

मी धम्मशीलाकडे बघितलं. रडून झालेलं होतं. आता तोंड घट्ट मिटून बसली होती.

“झोपली होतीस का मशिनवर?”

“न्हाई आत्या. बघायलेच होते.”

“मग बॉम्ब?”

“नव्हता.”

“सात जणांना दिसला.”

“त्यांना दिसला असंल,” ती म्हणाली. “बॅगेत नव्हता.”

मी बबिता. माझी सगळी नोकरी विमानतळाच्या सुरक्षेत गेली. पडद्यामागे बायकांची झडती घेतली, मशिनवर बसले, शेवटी मशिनवर बसणाऱ्यांवर बसले. मग गुडघा गेला आणि घरी आले. गुडघा गेला, राग तेवढा राहिला. बोरीतले लोक मला अजूनही ‘विमानवाली’ म्हणतात. विमानात मी दोनदाच बसले आहे, पण ते राहू द्या.

एवढ्या वर्षांत मी मशिनवर चुकणारे पुष्कळ पाहिले. चुकलेलं माणूस एक तर ‘दिसलं नाही’ म्हणतं, नाही तर ‘लक्ष गेलं नाही’. ‘नव्हता’ असं ठासून कुणी म्हणत नाही. म्हणायचं धाडसच होत नाही, कारण बॅग उघडली की खोटं उघडं पडतं.

“बॅग उघडली का नंतर?” मी विचारलं.

धम्मशीलाने मान वर केली. मग हळूच म्हणाली, “न्हाई. कुणीच उघडली न्हाई.”

२

दुसऱ्या दिवशी मी देवगाव फाट्यावर गेले. बाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि टायरचं दुकान, आत काचेचा दरवाजा आणि गार हवा. डायरेक्टर शिवशंकर सरांनी मला चहा पाजला. मी कुणाची आत्या आहे हे कळल्यावर बिस्किटं मात्र परत गेली.

“मॅडम, तुम्ही या क्षेत्रातल्या. तुम्हाला काय सांगायचं?” ते म्हणाले. “आठपैकी सात! आमच्या केंद्राचा निकाल बघा. तुमची भाची नसती तर शंभर टक्के झाला असता.”

बोलताना त्यांचा चेहरा असा काही दुःखी झाला, की जणू माझ्या भाचीने त्यांच्या घरातलं काचेचं भांडं फोडलं होतं.

मी इतकी वर्षं हेच काम केलं. मी जिथे जिथे होते, तिथे खरी गुप्त चाचणी झाली की आमचे चांगले चांगले डोळे चुकायचे. मी स्वतः चुकले आहे. चाचणी घेणारा खरा असेल तर निकाल वाचून घाम फुटतो, आणि घाम फुटतो म्हणून माणूस सुधारतं. जिथे सगळेच पास होतात तिथे डोळ्यांची नाही, कागदाची परीक्षा झालेली असते. ही शिकाऊ पोरं, आयुष्यात पहिल्यांदा चाचणीला बसलेली, आणि सातच्या सात गरुड? माझं डोकं तिथेच तापलं.

“बॅग कुणी भरली होती?” मी विचारलं.

“मी,” दारातून आवाज आला. प्रशिक्षक हरिओम. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तिशीतला. “कपडे भरले, अन् खाली डाव्या कोपऱ्यात बॉम्ब ठेवला. बॅटरी, वायरी, घड्याळ, सगळं मिळून विटेएवढा. सकाळी बॅग भिवराबाईच्या हातात दिली.”

भिवराबाई केंद्रात झाडलोट करते. चाचणीच्या दिवशी तिलाच प्रवासी म्हणून उभं केलं होतं. एकच बॅग घेऊन ती आठ वेळा मशिनपाशी आली, आणि दर वेळी खुर्चीवर वेगळं पोरगं होतं. पोराने पडद्यावर जिथे बॉम्ब दिसतो तिथे बोट लावायचं, मशिन तिथे लाल गोल उमटवतं. बॅग मात्र उघडायची नाही. उघडली तर पुढच्याला कळेल, म्हणून.

“आणि शेवटीही उघडली नाही?”

“कशाला उघडायची?” हरिओम म्हणाला. “बॉम्ब मीच ठेवलाय ना. भिवराबाईनं संध्याकाळी बॅग कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी उघडली तर बॉम्ब होता तिथंच.”

“मशिनमधलं चित्र बघू.”

“शुक्रवारी साहेबांसमोर बघा,” शिवशंकर सर म्हणाले. “आणि मॅडम, एक स्पष्ट सांगतो. तुमची भाची कामावर गप्पा मारते. पडद्यावर बॅग आहे, समोर बॉम्ब आहे, आणि ही बाई भिवराबाईला विचारते, ‘मावशी, बारसं झालं का?’ अशा पोरी विमानतळावर बसवायच्या का आम्ही?”

हरिओम हसला. मला हसू आलं नाही. मला वाटलं, पोरीने चुकीच्या वेळी तोंड उघडलं आणि स्वतःच्या हाताने केस बुडवली.

दारातून बाहेर पडताना मी भिवराबाईला शोधलं. ती व्हरांडा पुसत होती. मला बघितलं आणि बादली तिथेच टाकून मागच्या दाराने निघून गेली.

३

फाट्यावरच्या हॉटेलात त्या सातांपैकी दोघे भेटले, सूर्यभान आणि शीला. दोघंही धम्मशीलाच्या वर्गातले. मी माझी ओळख दिली आणि भजी मागवली. भज्यांपुढे माणूस फार वेळ सावध राहत नाही.

आधी सूर्यभानला बाजूला घेतलं. “तुला काय दिसलं रे?”

“खाली डाव्या कोपऱ्यात, वायरी, बॅटरी अन् घड्याळ. विटेएवढं.”

“शाब्बास. आणि त्याच्या शेजारी?”

तो थांबला. “शेजारी... कपडे.”

“कसले? जाड, पातळ? घडी केलेले, कोंबलेले?”

“कपडे होते मॅडम. कपड्यासारखे कपडे.”

मग शीला. तिला तोच प्रश्न विचारला.

“खाली डाव्या कोपऱ्यात, वायरी, बॅटरी अन् घड्याळ,” ती म्हणाली. “विटेएवढं.”

तेच शब्द, त्याच क्रमाने. मी माझी चहाची बशी जरा जोरातच ठेवली. मशिनवर बसणाऱ्या दहा जणांना एकच बॅग दाखवा, दहा वर्णनं येतात. कुणाला आधी वायर दिसते, कुणाला घड्याळ. कुणी म्हणतं चौकोनी, कुणी म्हणतं साबणाच्या वडीसारखं. बघितलेलं प्रत्येकाचं वेगळं असतं. एकसारखं असतं ते ऐकलेलं. आणि हरिओमने मघाशी माझ्यासमोर वापरलेला तोच शब्द या दोघांच्या तोंडात होता, वीट.

“शीला, तुला हे कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई! मला दिसलं.”

“बरं. गेल्या रविवारी कुठं होतीस?”

हा प्रश्न मी हवेतच फेकला होता. चाचणी सोमवारी झाली, म्हणजे सांगायचं तर आदल्या दिवशीच सांगितलं असणार.

“हरिओम सरांच्या शेतात,” ती म्हणाली. “हुरडा होता.”

“सगळी बॅच होती?”

“हां, सगळे होतो.” मग तिची नजर भज्यांच्या ताटलीत खिळली. “धम्मशीला सोडून.”

“ती का नव्हती?”

शीलाने ताटली बाजूला सरकवली. सूर्यभान जवळ येऊन बसला होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, “सरांच्या आई शेतात असतेत. त्यांला... म्हंजी एका पानावर... तुमाला कळायलंय ना मॅडम.”

कळत होतं. चांगलंच कळत होतं. आमच्या घराने सोडायचं ते छप्पन सालीच सोडलं. लोकांनी मात्र काही सोडलं नाही. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, हातावर चोळायची, सगळ्यांनी एकाच कापडाभोवती बसून खायची. त्या कापडाला माझ्या भाचीचा हात लागू नये म्हणून तिला निरोपच दिला नाही. आणि तिथेच, हुरड्याच्या कापडाभोवती, उद्याच्या परीक्षेचं उत्तर वाटलं गेलं.

म्हणजे जिला पंगतीतून वगळलं, तिचीच काय ती खरी परीक्षा झाली होती!

राग एवढा आला की भजी तशीच टाकून मी उठले. पण रागाने केस सुटत नाही. उत्तर फुटलं होतं हे कळलं, तरी माझ्या भाचीला बॉम्ब दिसला नाही हे तसंच राहिलं. शिवशंकर सर म्हणणार, सातांना सांगितलं म्हणून दिसला, हिला सांगितलं नाही म्हणून दिसला नाही. दुर्लक्ष ते दुर्लक्षच. हरिओमने बॉम्ब ठेवला होता, दुसऱ्या दिवशी तो तिथेच सापडला होता. मग मधल्या दिवशी गेला कुठे?

मी तिथूनच धम्मशीलाला फोन लावला.

“बॉम्ब नाही, तर मग बॅगेत काय होतं? नीट आठवून सांग.”

तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही. “नारळ,” ती म्हणाली.

४

“नारळ, हळकुंड, सुपारी,” धम्मशीला सांगत होती. आता ती माझ्या समोर बसली होती, बोरीला, माझ्या ओट्यावर. “मधोमध नारळ. घडी घातलेला खण. गव्हाचा ढीग, मोकळा. अन् डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत हरभऱ्याएवढे दाणे, फुगलेले, ओले. धातू म्हणाल तर बॅगेची चेन, बाकी काहीच न्हाई.”

इथे वाचकाला एवढंच सांगते, की त्या पडद्यावर रंग असतात. धातू निळा दिसतो. कापड, धान्य, खाण्यापिण्याच्या वस्तू नारंगी दिसतात. बॅटरी आणि वायरी असतील तर निळं दिसायलाच हवं.

“सगळं नारंगी होतं?”

“सगळं. म्हणून तर सोडली. त्यात चुकीचं काय होतं आत्या? ती ओटी होती.”

“ते तुला लगेच कळलं?”

“आपल्या घरी भरत न्हाईत म्हणून काय झालं? गावात राहते ना मी. शेजारच्या शकूकाकूच्या हातात दर सणाला बघते. अन् नुसती ओटी असती तर एखाद्या लग्नाची म्हटली असती. पण फुगलेला हरभरा म्हंजी घुगऱ्या. नारळाची ओटी अन् घुगऱ्या संगट बारशालाच देतेत. म्हणून मी मावशीला सहज विचारलं, बारसं झालं का? मावशी एकदम दचकली, म्हणाली, नातीचं झालं, पर मी तर हितं कुणालाच सांगितलं न्हाई, तुला कसं कळलं?”

मी ओट्यावरून उठले. गुडघ्याने तक्रार केली, तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शिवशंकर सरांनी जी तक्रार तिच्याविरुद्ध केली होती, तीच तिची साक्ष होती. भिवराबाईच्या नातीचं बारसं झालं हे केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. मग धम्मशीलाला ते कुठून कळलं? पडद्यावरून. दुसरीकडून कळायला वाटच नव्हती. गप्पा मारणाऱ्या पोरीनेच तेवढी बॅगेत नजर घातली होती.

भिवराबाईचं घर फाट्यापासून आत, माळावर. नवरा रायभान शेरडं-मेंढरं घेऊन रानात गेला होता. आम्ही दोघी पोचलो तेव्हा ती कोकरांना पाला टाकत होती. धम्मशीलाला बघितलं आणि खालीच बसली.

“मला ठावं होतं तुमी येनार,” ती म्हणाली. “चार दिस झाले, भाकर गोड लागंना.”

“भिवराबाई, बॉम्ब तुम्ही काढला होता?” मी विचारलं.

“मंग काय करू बाई?” तिचा आवाज फुटला. “पोरीला पयली लेक झाली. ऐतवारी बारसं. रातच्याला तितंच ऱ्हायले, सकाळी पोरीच्या सासूनं उंबऱ्यावर वटी भरली, म्हनली जावा आता. तशीच यष्टीनं फाट्यावर उतरले. आल्या आल्या हरिओम सर म्हनले, ही ब्याग घे, मशिनपाशी जा. मी म्हनलं पदरात सामान हाय. तर म्हनले, पदरात काई चालत न्हाई, हातात काई चालत न्हाई, समदं ब्यागेत टाक. न्हाई तर त्यो दरवाजा वरडतो.”

खरं होतं. झडतीच्या चौकटीतून हात मोकळे ठेवूनच जावं लागतं. हा नियम मी स्वतः हजारो बायकांना सांगितला आहे.

“वटी भुईवर ठिवत न्हाईत,” भिवराबाई म्हणाली. “अन् ब्यागेत तर त्यो बॉम. नकली असू द्या, पर नाव तर बॉमच हाय ना? बारा दिसाच्या लेकराची वटी अन् बॉम एका जागी कशी ठिवू? जीव हुईना माजा. मंग बॉम काढला, कापडं काढली, केरसुनीच्या कपाटात संडासाच्या बादलीमागं दडवलं, अन् वटी ब्यागेत ठिवली. मला वाटलं नुसती ब्याग फिरवायची हाय, आत काय का असंना. सांजच्याला परत ठिवला जिथल्या तितं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सात जन ‘घावला, घावला’ म्हनले की वो!” ती म्हणाली. “मी तितंच हुबी. मनात म्हनलं, यांला वटीत बॉम कसा काय घावला? मशिन लय भारी असंल, कपाटातला बी दिसत असंल.”

मी कपाळावर हात मारला. धम्मशीला चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

“मावशी, हे शुक्रवारी साहेबांपुढं सांगशील?” तिने विचारलं.

भिवराबाईने कोकराच्या पाठीवर हात ठेवला. “मला काडून टाकतील, बाई,” ती म्हणाली.

५

शुक्रवारी कंपनीचा साहेब आला. सकाळच्या विमानाने उतरून पुढे मोटारीने. गोरा, घाईचा माणूस, बोलताना सारखा मनगटावर बघणारा. वर्गात एक्स-रेचा मोठा पडदा लावला होता. समोर सात पोरं, बाजूला धम्मशीला आणि नागसेन. भावाच्या खिशात माफीचा कागद होता हे मला माहीत होतं. मागच्या दाराजवळची खुर्ची रिकामी होती. भिवराबाई आली नव्हती.

“लवकर आटपू,” साहेब म्हणाला. “चित्र दाखवा.”

शिवशंकर सरांनी स्वतः बटण दाबलं. पडदा उजळला आणि मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले. चाचणी होऊन इतके दिवस झाले, पण त्या चित्राकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नव्हतं. न बघताच निकाल लावला होता, न बघताच माझी भाची काढली होती.

पडदा नारंगीच नारंगी होता. मधोमध गोल नारळ, शेंडीसकट. त्याच चित्रावर सातही जणांच्या खुणा आणलेल्या: डाव्या कोपऱ्यात सात लाल गोल, एकावर एक.

“बघा साहेब,” शिवशंकर सर छडीने त्या गोलांवर टकटक करत म्हणाले. “खाली डाव्या कोपऱ्यात. वायरी, बॅटरी, घड्याळ. लहान मूलही सांगेल.”

साहेब पुढे झुकला. चष्मा वर केला, खाली केला.

“हो,” तो म्हणाला. “वायर तर स्पष्टच दिसतेय.”

मला क्षणभर वाटलं, माझीच नजर गेली. मग मी उठले.

“साहेब, वायर कुठली, बोट लावून दाखवता?”

त्याने बॅगेच्या कडेने गेलेल्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

“ती चेन आहे,” मी म्हणाले. “बॅगेची चेन. ती काढली तर या चित्रात निळं काय उरतं? बॅटरी निळी दिसते. घड्याळ निळं दिसतं. तुमच्या बोटाखाली जे आहे ते नारंगी आहे, कारण त्या हरभऱ्याच्या घुगऱ्या आहेत. सात जणांनी घुगऱ्यांना बॉम्ब म्हटलं, आणि तुम्ही त्यांना पास करायला निघालात! हरिओम सर, रविवारी हुरड्याला तुम्ही यांना काय सांगितलं? खाली डाव्या कोपऱ्यात, विटेएवढा, हेच ना? यांनी पडदा बघितलाच नाही. बॅग आली की कोपऱ्यात बोट लावलं.”

“हा आरोप आहे!” हरिओम ओरडला. “बॉम्ब मी स्वतः ठेवला होता!”

“ठेवला होता. मग तो चित्रात दाखवा.”

तो पडद्यापाशी गेला. आता मात्र नीट बघू लागला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. कारण काही झालं तरी मशिन वाचायला त्याला येत होतं.

“हे... हे काय आहे?” तो पुटपुटला. “नारळ कुणी ठेवला?”

“म्या ठिवला,” मागून आवाज आला.

भिवराबाई दारात उभी होती. लुगड्याला माळावरची धूळ होती, चालत आली होती. तिने आत येऊन सगळं सांगितलं. बारसं, एसटी, पदर, केरसुणीचं कपाट. सांगताना एकदाही मान खाली घातली नाही. शेवटी म्हणाली, “या पोरीनं मला इचारलं, मावशी बारसं झालं का. तिला दिसलं व्हतं. बाकी कुनालाच काई दिसलं न्हाई. मला काडायचं तर काडा, पर तिला काऊन काडता?”

शीला हुंदके देऊन रडू लागली. सूर्यभान उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, सरांनीच सांगितलं होतं. डायरेक्टर सर म्हणले होते, निकाल चांगला लागला तर कंपनी केंद्र चालू ठेवंल.”

शिवशंकर सर छडी टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनाच राहवलं नाही. “साहेब, एका बॅचची चूक झाली असेल,” ते म्हणाले. “पण आमच्या मागच्या बॅचा बघा. शंभर टक्के. प्रत्येक पोरगं आज विमानतळावर कामाला आहे.”

हे बोललं कुणी? ज्याने बोलायला नको होतं त्यानेच.

साहेबाने घाम पुसला. मग त्याने कंपनीतल्या माणसासारखा आवाज काढला. सात जणांची चाचणी पुन्हा होईल. हरिओमची चौकशी होईल. भिवराबाईचं काम राहील. धम्मशीलाचा शेरा रद्द, सोमवारपासून ती रुजू. “मात्र,” तो म्हणाला आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला, “इथे सही करा. प्रकरण मिटलं, माझी काही तक्रार नाही, असं. बाहेर जायला नको.”

नागसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने स्वतःच्या खिशातलं पेन काढून पोरीला दिलं.

धम्मशीलाने पेन घेतलं, पण सही केली नाही. “सर, मागच्या बॅचांची चाचणी कधी घेणार?”

“ते पास झालेले आहेत.”

“हेच सात बी पास झाले होते की.”

“त्याचा विचार करू.”

“मागची बॅच कुठं बसती सध्या?” तिने हरिओमला विचारलं.

हरिओम साहेबाकडे बघत राहिला. “साहेब सकाळी जिथं उतरले,” तो म्हणाला, “तिथल्या मशिनवर.”

साहेब कागद तिथेच सोडून उठला, झपाझप बाहेर गेला, मोटारीत बसला. आम्ही सगळे मागोमाग दारात आलो. काच खाली होती, म्हणून ड्रायव्हरशी बोललेलं आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

“विमानतळ राहू दे,” तो म्हणाला. “परभणी स्टेशनला घे. रात्रीची एखादी गाडी असेल.”

माझं डोकं फुटायचं बाकी होतं. मी तोंड उघडणार तोच धम्मशीला पुढे झाली. मोटारीच्या अगदी समोर उभी राहिली, हातात तो कागद.

“साहेब, तुमाला कळलं म्हणून तुमी रेल्वेनं चालले,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या विमानात जे बसणारेत त्यांना कोण सांगणार?”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. नागसेन, माझा तो भित्रा भाऊ, जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. मग भिवराबाई. मग, खोटं कशाला बोलू, सूर्यभान आणि शीलासुद्धा.

साहेबाने काचेतून एकेकाकडे बघितलं. शेवटी उतरला. धम्मशीलाच्या हातातून कागद घेतला, ‘तक्रार नाही’ ही ओळ खोडली आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवून खाली लिहिलं, की या केंद्रातून गेलेल्या प्रत्येकाला आजपासून मशिनवरून उठवावं आणि नव्याने चाचणी घ्यावी. सही केली, आणि विमानतळाला फोन लावून तेच आमच्यादेखत सांगितलं.

आणि तरीही तो रेल्वेनेच गेला.